ताटाची डावी बाजू

डावं अंग गेलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता आधी तेच विचारायचा, "कोणती बाजू?" आणि डावी म्हटलं की खुर्चीत टेकताना सुस्कारा सोडायचा. "उजवा शाबूत आहे ना, मग काही अडत नाही. जेवता येईल, सही करता येईल." गावाकडून आलेल्या एका आजीने तर तात्यांच्या उजव्या हातावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डावा हात तिथंच उशीवर पडलेला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. तात्या स्वतःही पाहत नव्हते, हे आम्हाला पुढे कळलं.

झालं ते जानेवारीत. निफाडची थंडी पेपरात येते ती याच दिवसांत. पारा एक आकड्यावर उतरतो आणि मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. तात्या रात्री शेकोटीचा काडीकचरा रचून झोपले ते चांगले, पहाटे उठले ते असे. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची मुदत असते. झोपेत झटका आलेल्या माणसाचं घड्याळ कधी सुरू झालं, हे कोण सांगणार? रुग्णालयातले दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले, नळ्या, रिपोर्ट आणि कॅन्टीनचा चहा. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं सुरू झालं ते तात्यांना नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर आणल्यावर, ताट वाढलं तेव्हा.

ताट वाढण्याची रीत आईच्या हाताला अशी भिनली आहे की तिला बघावं लागत नाही. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. तात्यांनी भाजी खाल्ली, आमटी प्यायली, भाकरीचा उजवा अर्धा भाग संपवला आणि हात थांबवला. म्हणाले, "आज चटणी नाही केली?"

खुरासणीची चटणी ताटातच होती. लिंबाची फोड होती, काकडीची कोशिंबीर होती, अर्धी भाकरी होती. आईने ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. "ही काय," म्हणत तात्यांनी चटणी बोटावर घेतली. चटणी आत्ताच कुणीतरी वाढली असावी, असा त्यांचा चेहरा.

घरी येणारी फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "नजर चांगली आहे आजोबांची. मेंदूच डावीकडचं मोजत नाहीये." उजव्या मेंदूला इजा झाली की डावा हात-पाय तर जातोच, पण पुष्कळांच्या बाबतीत डावीकडचं जगही काही काळ हिशेबातून सुटतं. माणूस अर्धीच दाढी करतो, सदऱ्याच्या एकाच बाहीत हात घालतो, चालताना दाराच्या डाव्या चौकटीवर आपटतो. इटलीतल्या बिसियाक आणि लुझाती या दोघांनी 1978 मध्ये अशा रुग्णांना मिलान शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता डोळ्यांपुढे आणायला सांगितला होता. ते कॅथेड्रलकडे तोंड करून मनातल्या मनात उभे राहिले तेव्हा त्यांना उजवीकडच्या इमारती आठवल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभं राहून उलटीकडे बघा म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या आणि मघाच्या गळाल्या. म्हणजे विस्मरण नव्हतं. चौक पूर्ण आठवणीत होता, फक्त त्याची डावी बाजू बघता येत नव्हती, मनातसुद्धा.

हे वाचल्यावर मला राहवलं नाही. तात्यांना म्हटलं, डोळे मिटा, डांबरी रस्त्यावरून फाटकातून मळ्यात या, काय काय दिसतं सांगा. "शेड. गोठा. चिंचेखालचा ट्रॅक्टर." सगळं उजवीकडचं. आता मळ्याच्या टोकाला जा आणि रस्त्याकडे तोंड करा. तात्या क्षणभर थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "विहीर! विहिरीवरचा आंबा. पंपाची खोली." ज्या विहिरीसाठी त्यांनी तरुणपणी कर्ज काढलं, स्वतः पहार घेऊन खाली उतरले, ती विहीर फाटकातून आत येताना त्यांच्या मळ्यात नव्हती.

आईला मिलान वगैरे सांगण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने ताट बदललं. मीठ तेवढं जागेवर ठेवलं, आणि भाजी, आमटी, चटणी, भाकरी सगळं डावीकडे. उजवी बाजू रिकामी. "अहो, शोधा," एवढंच म्हणायची आणि समोर बसायची. भेटायला आलेल्या मावशीने हे पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला कुजबुजून सांगितलं, "तुझी आई पहिल्यापासूनच जरा कठोर." ते कठोर म्हणणं गावभर झालं, आणि वर्षभर वाढतच गेलं.

आम्ही सगळे हाताकडे बघत होतो, तोवर मांडी गेली. झटका मेंदूचं नुकसान एका पहाटेत करून मोकळा होतो, पण स्नायूंची झीज त्यानंतर होते, सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिला हातभार लावतं ते बहुतेक घरातलं प्रेम. पडून राहा, पाणी आणून देते, ऊठबस कशाला करता, उशी सारखी करते, हे सगळं आपल्याकडे सेवा या सदरात मोडतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो मांस उतरलं. ज्याच्या पायाला वरून हुकूमच पोचत नाही, त्याचं किती उतरत असेल? आणि जो पाय शाबूत म्हणून आपण निर्धास्त असतो तोही अंथरुणातच असतो. त्याचीही झीज होतेच, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आई ब्लाउज शिवते. तिच्या गळ्यात टेप कायमची. फिजिओच्या मुलीने गुडघ्याच्या वाटीपासून वर वीतभर अंतरावर पेनने खूण केली आणि आईने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी साडेअठरा इंच, डावी सतरा. आईने टेप पुन्हा लावून पाहिली, घट्ट, मग सैल. फरक तोच. मुलगी म्हणाली, "टेपसुद्धा सगळं सांगत नाही, आजी. स्नायू जातो तिथं आतून चरबी भरते." पुढे वाचलं तेव्हा कळलं, तिचं खरं होतं. झटक्याला वर्ष-दोन वर्षं उलटलेल्या रुग्णांच्या मांड्यांचे स्कॅन काढले, तर लुळ्या बाजूचा स्नायू सुमारे 20 टक्क्यांनी कमी, आणि स्नायूच्या आतली चरबी चांगल्या बाजूपेक्षा जास्त. जो स्नायू उरतो त्याचीही जात बदलते. दमाने काम करणारे तंतू घटतात, झटपट थकणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून असा माणूस चार पावलं चालून भिंत धरतो, आणि घरचे म्हणतात, मनावर घेत नाहीत.

तात्यांची मांडी म्हणजे साधीसुधी मांडी नव्हती. आमच्या गावापासून गोदाकाठचं कोठुरे लांब नाही. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडच्या अली आणि गुलाब या मल्लांनी आव्हान दिलं, ते बाळंभटांनी उचललं. मग वणीच्या सप्तशृंगीच्या गडावर उपासना केली आणि तिथं साक्षात मारुतीने त्यांना लाकडावरचे डाव दाखवले, अशी आख्यायिका या भागात अजून सांगतात. तात्या शाळकरी वयात गावच्या तालमीत एरंडेल लावलेल्या खांबावर चढायचे. अढी मारून, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या कैचीत खांब आवळून, हात सोडून उलटं लटकायचे. सत्तरीतही बागेतल्या शिडीवर ते गुडघ्यांच्या पकडीवर उभे राहायचे, हात दोन्ही मोकळे. त्या माणसाला आता दोन गुडघ्यांमध्ये उशी धरून ठेवायला सांगितलं, तर उशी डाव्या बाजूने निसटायची.

फिजिओथेरपीबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात, मालिश आणि शेक. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे, दिंडोरी रोडला म्हसरूळजवळ. राज्यातल्या कानाकोपऱ्यांत फिजिओथेरपी शिकणारी पुष्कळ पोरं याच विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात. तरी तालुक्याच्या गावात लकवा म्हटलं की लोक आधी तेलवाल्याचा पत्ता देतात, नाहीतर कबुतराचा उपाय सांगतात. आमच्या एका चुलत्यांचा आग्रह राजस्थानातल्या बुटाटीला जाण्याचा होता. नागौर जिल्ह्यातलं हे देवस्थान लकव्यासाठी प्रसिद्ध आहे. सात दिवस राहायचं, रोज सकाळ-संध्याकाळ प्रदक्षिणा घालायच्या. मला त्या देवाचं एक पटलं. तो भक्ताला झोपू देत नाही. घरात कुणी पाऊल उचलू देत नाही ते तिथं दोन वेळा आरतीच्या घंटेवर उचलावं लागतं. आई म्हणाली, प्रदक्षिणा इथेच घालू, आणि जेवणाच्या टेबलाभोवती त्यांना फिरवायला लागली. डावीकडून.

तिचं कठोरपण आता पद्धतशीर झालं. पाण्याचा तांब्या पलंगाशेजारून उठून स्वयंपाकघरात गेला. तहान लागली की उठायचं. खुर्चीच्या हाताला न धरता, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उठायचं आणि तसंच बसायचं. अख्ख्या व्यायामात हा एक व्यायाम सोन्याचा, असं ती मुलगी म्हणायची. त्यातच मांडी, कंबर, तोल सगळं येतं. मऊ भात आणि पेज बंद झाली. आजाऱ्याला पातळ द्यावं ही आपली रीत, पण आजारातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ग्रॅमच्या आसपास तरी प्रथिनं लागतात. तात्यांचं वजन साठ, म्हणजे दिवसाला सत्तरएक ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात मिळतात. माळकरी माणूस, अंडं चालत नाही. मग मटकी, मुगाची धिरडी, शेंगदाण्याचं कूट, पनीर, दही. आईने हिशेब दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवला होता, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

त्यांना उठवायला आलेल्या कुणी डाव्या बगलेत हात घातला की ती ओरडायची. खांद्याचा सांधा स्नायूंनीच तोललेला असतो. स्नायू गेले की हाताच्या वजनाने हाड खाली सरकतं आणि खांद्यावर बोट बसेल अशी खाच पडते. तिथं धरून ओढलं की माणूस महिनोन् महिने कळ सोसतो. पाहुण्यांना हे अपमानासारखं वाटायचं. मदतीला आलो आणि ही अंगावर येते!

डाव्या हाताचं एक काम असं आहे की ते कुणी बोलून दाखवत नाही. आपल्या देशात त्या हाताला त्या कामापुरतंच वेगळं काढलेलं असतं. ताटाला त्याचा स्पर्श नको, प्रसादाला नको, पैसे देताना नको. उजवा शाबूत आहे ना म्हणणाऱ्यांपैकी एकानेही विचार केला नव्हता की रोज सकाळी या माणसाने काय करायचं. जेट स्प्रे बसवला तरी निम्माच प्रश्न सुटतो, बाकीचा निम्मा लेंग्याच्या नाडीचा. नाडी एका हाताने सुटते, बांधता येत नाही. तात्या, ज्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ते रोज दारामागून आईला हाक मारायचे तेव्हा आवाज इतका खाली यायचा की ती आधीच दाराशी उभी राहायला लागली. इलास्टिकचे लेंगे तिने एका दुपारीत शिवले. त्या दिवशी तात्या आतून शीळ घालत बाहेर आले.

समाधान करायला लोक आर. के. लक्ष्मण यांचं उदाहरण द्यायचे. 2003 मध्ये त्यांना झटका आला, डावी बाजू लुळी पडली, पण चित्र काढणारा हात उजवा, तो वाचला. खरं आहे. पण मला हटकून वाटायचं, कागद कोण धरत असेल? डावा हात धरतो म्हणून उजवा करतो. बाटलीचं झाकण, पिशवीची गाठ, सदऱ्याचं बटण, नखं कापणं, सगळीकडे तसंच. द्राक्षाच्या छाटणीत तर डावाच वाचतो. काडी डाव्या हाताने धरून, किंचित पिरगळून, तिचा पक्केपणा बोटांना कळतो. डोळे अंगठ्याने मोजले जातात आणि कुठल्या डोळ्यावर कापायचं हे ठरतं. उजव्याकडे फक्त कात्री असते. तात्यांनी हे मला मार्चमध्ये, पलंगावर बसून, टॉवेलचं एक टोक डाव्या मुठीत धरायचा प्रयत्न करताना सांगितलं. मूठ वळत होती, पण उघडत नव्हती. उघडणं नेहमी वळण्यापेक्षा उशिरा येतं.

मुलीने कपाटाच्या दाराचा आरसा उतरवून आणायला सांगितला. तो छातीसमोर उभा धरायचा, डावा हात त्याच्यामागे लपवायचा, आणि उजव्या हाताचं आरशातलं रूप बघत दोन्ही हात हलवायचे. आरशात उजवा हात डावा होतो, डोळ्यांना वाटतं डावाच उघडतोय. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात हात तुटलेल्या माणसांच्या न-हातातल्या वेदनेसाठी हा आरसा वापरला, मग तो लकव्याकडे आला. तात्यांना आधी हसू आलं. "शेंबड्या पोरांचा खेळ." पण बसले. मे उजाडेपर्यंत बोटं जराशी सुटायला लागली, तेव्हा पुढची पायरी आली. चांगल्याच हाताला मोजा घालून ठेवायचा, रोज ठरावीक वेळ. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांचं म्हणणं असं की झटक्यानंतर माणूस आजारी हात न वापरायला शिकतो, आणि हात परत येऊ लागला तरी ती शिकवण सुटत नाही. चांगला हात अडवला की दुसऱ्याला उठावंच लागतं. बोटं थोडी तरी उघडत असतील त्यालाच हे चालतं. आईने शेंगदाण्याची परात पुढ्यात ठेवली. फोलपट डाव्या हाताने काढायचं. एक शेंग फुटायला दोन-तीन मिनिटं लागायची, निम्मे दाणे पलंगाखाली. गावाकडे बातमी पोचली, म्हातारी म्हाताऱ्याचा चांगला हात बांधून ठेवते.

हात तेवढाच आला. तात्यांची डावी बोटं शेंग धरतात, सुईत दोरा ओवताना सुई धरत नाहीत. पाय मात्र पुष्कळ आला. पाय हाताच्या आधी आणि हाताहून जास्त येतो, हे फिजिओच्या मुलीने सुरुवातीलाच सांगितलं होतं. टाचेखालून पोटरीपर्यंत जाणारी प्लॅस्टिकची पट्टी, तीन पायांची काठी, आणि गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅक. तिथं पहाटे नाशिकचे सगळे गुडघे भेटतात. मुलीने दहा मीटरवर चुन्याच्या दोन रेघा ओढल्या आणि मोबाइलवर वेळ लावली. सेकंदाला 0.4 मीटरच्या खाली चालणारा माणूस घरापुरता चालतो, असं शास्त्र धरून चालतं. 0.8 च्या वर गेला की तो गावात फिरू शकतो. रस्ता 16 मीटर रुंद धरला, तर 0.4 ने तो ओलांडायला 40 सेकंद लागतात. त्र्यंबक रोडवर 40 सेकंद थांबणारा रिक्षावाला अजून जन्माला यायचाय. तात्या उन्हाळ्यात 0.3 होते, पावसाळा संपता संपता 0.6. म्हणजे घराबाहेर, पण बाजारात नाही. आई त्यांना म्हणायची, "0.8 झालं की एकटे जा, जिकडे जायचं तिकडे." हे तिचं आमिष होतं की धमकी, मला कळलं नाही.

मांडी पुन्हा मोजली ती नवरात्रात. फरक एक इंचावर आला होता. तो पुरता भरून निघणार नाही, मुलीने स्वच्छ सांगितलं. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण गोडी छाटणी तोंडावर आली होती, सुरगाणा-पेठकडच्या टोळ्या मळ्यावर उतरल्या होत्या, आणि माझा भाऊ फोनवर काडीचा जाडपणा चुकीचा सांगत होता. भाऊ गाडी घेऊन येतो म्हणाला, आईने नको म्हटलं. एसटीने जायचं.

सीबीएसवर निफाडची गाडी लागली. एसटीची पहिली पायरी ज्याने ठरवली त्याला गुडघे नसावेत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी. तात्यांनी उजवा पाय वर टाकला, दांडा धरला, डावा ओढून घेतला. आई मागे, हात पुढे केलेले पण न लावलेले. मागच्या रांगेतून कुणीतरी "धरा की हो बाबांना" म्हणालं, तिने ऐकलं नाही. आत बसायला जागा नव्हती. एक कॉलेजचा पोरगा उठायला लागला, तेवढ्यात गाडी सुटली आणि कंडक्टर आला. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. कार्ड होतं उजव्या खिशात. उजवा हात दांड्यावर होता. तात्यांनी एकदा कंडक्टरकडे पाहिलं, एकदा आईकडे. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मग त्यांनी मान डावीकडे वळवून डावा हात शोधला, तो उचलून दांड्यावर ठेवला, बोटं वळेपर्यंत थांबले, आणि उजवा सोडून खिशात घातला. द्वारका सर्कलला गाडीने गचका दिला. ते हलले, पण पडले नाहीत.

कंडक्टरने कार्ड पाहून परत दिलं. "बसा बाबा, कशाला उभं राहता."

"तुमच्या फुकट तिकिटाला दोन हात लागतात हो," तात्या म्हणाले, आणि आईकडे बोट दाखवून, "हिचं अर्धं फाडा."